पट्टी पुन्हा निघाली? आधी ती कुठून निघाली ते पाहा

मे महिन्यात दुपारी फोन वाजला की नाव न पाहताच मला कळतं, खिडकीच्या जाळीची तक्रार आहे.

"ताई, ते पट्टी पुन्हा पडून राहिली न. मी तं हातही नाही लावला."

मनीषनगरच्या काकू. एकाच खिडकीसाठी हा त्यांचा तिसरा फोन. पहिल्या वेळी आमच्याकडचा फिटिंगवाला पोरगा जाऊन जाळी धरणारी नवी गमवाली वेल्क्रोची पट्टी चिकटवून आला. दुसऱ्या वेळी त्याने जास्त पकडीची, जाड पट्टी लावली आणि ती आधीच्या पट्टीहून लवकर निघाली. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेले. नागपूरच्या नंदनवनात माझं चार मशिनींचं काम आहे. आम्ही खिडकीच्या जाळ्या, टिफिनच्या बॅगा, नर्सिंगच्या मुलींचे एप्रन आणि औषधांचे पाऊच शिवतो. यातली प्रत्येक वस्तू दिवसातून कितीतरी वेळा उघडते आणि बंद होते, आणि आमच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी त्या उघडझापेच्या जागीच येतात. कापड फाटलं म्हणून परत आलेला माल वर्षात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असतो.

खिडकी पश्चिमेची होती. वरच्या डाव्या कोपऱ्यातून हातभर पट्टी खाली लोंबत होती. मी ती हातात घेतली आणि पाहिलं, तर वेल्क्रोच्या दोन्ही बाजू, खरखरीत आणि मऊ, एकमेकींना अगदी घट्ट धरून होत्या. सुटला होता तो मागचा गम. चौकटीवर पिवळसर थर राहिला होता, पट्टीच्या पाठीवरही तसाच थर होता, आणि मी पट्टी थोडी ओढली तेव्हा दोघांच्या मधे गुळाच्या पाकासारखे तार निघाले.

म्हणजे दोन वेळा आम्ही जी गोष्ट बदलली, ती बिघडलेलीच नव्हती.

कुठून सुटलं?

उघडझापेची कुठलीही जागा पाच ठिकाणी सुटू शकते: पकडीतून, गमातून, गम आणि भिंत यांच्या मधून, शिलाईतून, किंवा कापडातून. ग्राहक पाचही वेळा एकच सांगतो, "वेल्क्रो खराब आहे." त्याचं चुकत नाही, त्याला तेवढंच दिसतं. पण आपण तेवढ्यावर पट्टी बदलून दिली की सहा आठवड्यांनी तोच फोन पुन्हा येतो.

गमवाल्या पट्टीची तक्रार असेल तर निघालेल्या पट्टीची पाठ उन्हात धरून पाहा. उत्तर तिथंच लिहिलेलं असतं.

गम दोन्हीकडे राहिला आहे आणि तार सुटतात, तर गम उष्णतेने नरम होऊन मधोमध फाटला. गम पट्टीवर आहे आणि त्यावर पांढरी भुकटी बसली आहे, तर गमाचा काहीही दोष नाही. तो डिस्टेंपरला चिकटला आणि डिस्टेंपर भिंतीतून सुटला. गम पट्टीवर जसाच्या तसा आहे आणि चौकट स्वच्छ चकचकीत आहे, तर गम तिथं बसलाच नव्हता: चौकटीवर तेलकटपणा होता, सिलिकॉनचा हात फिरला होता, किंवा चिकटवल्या चिकटवल्या जाळी टांगली. आणि गम चौकटीवर राहून पट्टीची पाठ कोरडी निघाली असेल, तर पट्टीच हलकी आहे, गमाचा थर तिच्या विणीला धरूनच नव्हता. असा रोल दुकानदाराला परत द्या, भांडण होईल पण द्या.

काकूंच्या खिडकीत पहिला प्रकार होता. मी दुपारी तीन वाजता त्या चौकटीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू व्हायला आठवडा होता. बाहेर पारा ४५ च्या वर असताना उन्हातली ॲल्युमिनियमची गडद रंगाची चौकट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, ६० अंश सहज ओलांडते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पट्टीच्या पाठीवर रबराचा गम असतो. तो लावताक्षणी मस्त चिकटतो, म्हणून सगळ्यांना आवडतो, पण साधारण ५० अंशांच्या पुढे नरम पडायला लागतो. पट्टी मग पडत नाही, ती हळूहळू घसरते. सकाळी कोपरा दोन मिलिमीटर खाली आलेला असतो, कोणाच्या लक्षात येत नाही. काकू खरं सांगत होत्या, त्यांनी हात लावलाच नव्हता.

याला उपाय ॲक्रिलिक गमाची पट्टी. ती ७०–८० अंशांपर्यंत धरून राहते आणि उन्हाने लवकर पिवळी पडत नाही. इतवारीच्या बाजारात मागताना "ॲक्रिलिक गम" असं स्पष्ट म्हणायचं. "चांगल्यातली द्या" म्हटलं की जाड पट्टी मिळते, चांगली नाही. ओळख अशी: रबराचा गम बहुधा पिवळट असतो आणि अंगठा लावला की अंगठ्याला सोडत नाही. ॲक्रिलिक काचेसारखा स्वच्छ असतो, आणि पहिल्यांदा हाताला जरा कमजोरच वाटतो. इथंच लोक फसतात. दुकानात अंगठ्याने पारख करून जास्त चिकट वाटतो तो घेतात.

ॲक्रिलिकला वेळ लागतो. ढोबळमानाने, चिकटवल्यावर वीस मिनिटांत निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के आणि पूर्ण पकड यायला तीन दिवस. म्हणून आम्ही आता दोन फेऱ्या करतो. पहिल्या दिवशी फक्त चौकटीवरची पट्टी लावायची आणि यायचं. दुसऱ्या दिवशी जाळी. ग्राहक कुरकुरतो, "एका दिवसात होत नाही का?" होतं न, पण मग मे महिन्यात पुन्हा फोन येतो. पोरालाही हे पटायला वेळ लागला. "ताई, दोन वेळा पेट्रोल जाऊन राहिलं," म्हणायचा. मी त्याला वहीतल्या फुकटच्या फेऱ्या मोजून दाखवल्या, तेव्हा गप्प बसला.

बाकी काळजी साधी आहे, पण एकही पायरी टाळता येत नाही. चौकट आधी कोरड्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसायची. रॉकेलने नाही, ते स्वतःच तेलकट थर सोडतं. साबणानेही नाही. थिनर रंग खातो. पुसल्यावर वाळू द्यायचं, आणि मग बोटाने त्या जागेला स्पर्श करायचा नाही. पट्टी लावल्यावर जोरात दाबायची. हा गम दाबानेच बसतो, नुसता टेकवून नाही. आमच्या किटमधे त्यासाठी एक जुनं लाटणं आहे, कोणी हसलं तरी चालेल. उन्हाळ्यात फिटिंग सकाळी नऊच्या आत, आणि डिसेंबर-जानेवारीत उलट, ऊन वर आल्यावर. नागपुरात त्या दिवसांत पहाटेचा पारा १० च्या आसपास येतो आणि इतक्या थंड चौकटीवर गम पसरतच नाही.

डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर गमवाली पट्टी लावूच नका. कितीही महाग गम आणा, तो भुकटीलाच धरणार. तिथं ॲल्युमिनियमची बारीक पट्टी स्क्रूने बसवून तिच्यावर वेल्क्रो लावायची. पॉलिप्रोपिलिनच्या प्लास्टिकवरही साधा गम टिकत नाही. बादल्या, डबे, पुष्कळ कूलरांच्या बॉड्या याच जातीच्या असतात. त्या गुळगुळीत मेणचट पृष्ठभागावर गम नीट पसरून बसूच शकत नाही. त्यासाठी वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर सरळ रिव्हेट मारायची.

जाड पट्टी लवकर का निघाली?

हे कोडं मला दोन दिवस सतावत होतं. गम दोन्ही वेळा तोच, रबराचा. चौकट तीच. मग जास्त पकडीची पट्टी जास्त टिकायला नको का?

उत्तर काकूंच्या सुनेने दिलं, तेही न बोलता. कपडे वाळत घालायला त्या खिडकीची जाळी ती रोज उघडते. मी तिला म्हटलं, "नेहमी उघडता तशी उघडा." तिने वरचा डावा कोपरा चिमटीत धरला आणि खाली सर्रकन ओढला. तिने धरली होती ती जाळी नव्हती, पट्टीच होती. दोन्ही थर एकदम.

वेल्क्रोची गंमत अशी आहे की तो सरळ बाजूला ओढला, म्हणजे दोन थर एकमेकांवरून घसरवायचा प्रयत्न केला, तर शेकडो आकडे एकदम अडतात आणि तो सुटत नाही. तोच कडेने उचलून सोलला तर एका वेळी आकड्यांची एकच ओळ ओढ घेते, म्हणून लहान मूलही उघडतं. गमाचंही तसंच आहे. तोही सरळ ओढीला दणकट आणि सोलायला नाजूक. आता कोपरा धरून सोललं की दोघांची शर्यत लागते, आधी वेल्क्रो सुटतो की गम. साधी पट्टी होती तेव्हा कधी वेल्क्रो जिंकायचा, कधी गम. आम्ही जाड पट्टी लावून वेल्क्रोची पकड वाढवली आणि दर वेळी गमच हरेल अशी सोय करून ठेवली.

तेव्हापासून डिझाइन करताना मी एकच गोष्ट आधी ठरवते: जी जागा उघडायची आहे ती बाकी सगळ्यांच्या आधी सुटली पाहिजे. पकड ही गमापेक्षा, शिलाईपेक्षा, कापडापेक्षा कमजोरच हवी. "सगळ्यात घट्ट काय मिळेल?" हा प्रश्न दुकानात विचारला की पुढची तक्रार तिथंच ठरते.

काकूंच्या खिडकीला मग आम्ही काय केलं? तीन बाजूंना सलग पट्टी ठेवली. रोज उघडायच्या बाजूला खरखरीत पट्टी सलग न लावता दोन-दोन इंचांचे तुकडे, मधे मोकळी जागा. कोपऱ्यात पट्टीच नाही, कोपऱ्यापासून इंचभर आत सुरुवात. प्रत्येक तुकड्याची टोकं कात्रीने गोल केली, कारण चौकोनी टोक आधी उचकतं. आणि जाळीला कोपऱ्यात निवारीची छोटी जीभ शिवली, हाताला आपोआप तीच सापडावी म्हणून. आता ओढ लागते ती जाळीकडच्या थराला. चौकटीवरचा थर जागेवर राहतो.

कुठली बाजू कुठं लावायची यावरही आमच्यात वाद झाला होता. पोरगा म्हणे काही फरक पडत नाही. पडतो. जाळी धुवायला मशीनमधे जाते. तिच्यावर खरखरीत बाजू असली तर ती जाळीचे धागे ओढते, सोबतच्या ओढणीचेही ओढते, आणि बाहेर येताना आख्ख्या धुण्याचा कापूस घेऊन येते. म्हणून मऊ बाजू जाळीला, खरखरीत चौकटीला.

पकड खरंच गेली असेल तर दोन्ही बाजू नीट पाहा. खरखरीत बाजूत केस, धागे, धूळ भरली असेल तर ती मेलेली नाही, बुजली आहे. जुना टूथब्रश आणि टाचणी घेऊन पाच मिनिटं बसलं की परत जिवंत होते. मऊ बाजूचे फासे तुटून तिला लव आली असेल तर मात्र ती संपली. तेवढीच बदला, दोन्ही बदलायची गरज नसते. पावसाच्या तोंडावरच्या खिडकीला नायलॉनऐवजी पॉलिएस्टरची पट्टी घ्या. नायलॉन पाणी पितं आणि ओलं असताना त्याची पकड ढिली पडते, वाळल्यावर परत येते. उन्हातही पॉलिएस्टर जास्त दिवस काढतं. बाजारात दोघांची मिक्स पट्टीही असते. ती घरातल्या कामाला पुरते.

आणि हे एक फक्त शिवणाऱ्यांसाठी. गमवाली पट्टी मशीनवर शिवू नका. "चिकटवून वरून शिलाई मारली की डबल पक्कं" हा मोह आम्हालाही झाला होता. सुई गमाने माखते, टाके सुटतात, धागा तुटतो, दर दहा मिनिटांनी सुई पुसत बसावं लागतं. शिवायची पट्टी वेगळी मिळते, २५ मीटरचा रोल येतो, तोच घ्या. कडेच्या बिनआकड्यांच्या काठावरून शिलाई, आणि पट्टी इंचापेक्षा रुंद असेल तर मधूनही एक.

या वेल्क्रोचा जन्म कुत्र्याच्या केसांतून झाला, हे पोराला सांगितलं तर तो खोटं समजला. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचा स्विस इंजिनिअर कुत्रा घेऊन फिरायला गेला. परत आल्यावर कुत्र्याच्या अंगाला रानटी झाडाची काटेरी बोंडं चिकटलेली होती, आपल्याकडे शेताच्या बांधावरून आलं की पायजम्याला चिकटतात तशी. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर काट्यांच्या टोकांना बारीक आकडे दिसले. पेटंट व्हायला १९५५ उजाडलं. नाव मखमल आणि आकडा या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून केलं. ते खरं तर एका कंपनीचं नाव आहे, पण इतवारीत कोणत्याही पट्टीला वेल्क्रोच म्हणतात.

टिफिनची बॅग

इथं आमची चूक वेगळी होती. पहिल्या शंभर बॅगांना आम्ही झाकणाला वेल्क्रो लावला, कारण तो स्वस्त, पटकन शिवला जातो, एका हाताने उघडतो. महिन्याभरात तक्रारी आल्या. एका बँकेतल्या ताई म्हणाल्या, "जेवायची सुट्टी झाली हे आख्ख्या ब्रँचला कळते." तो चर्रर्र आवाज वेल्क्रोचा जन्मजात गुण आहे, त्यावर औषध नाही. हॉस्पिटलात, वर्गात, झोपलेल्या बाळाच्या शेजारी वापरायच्या वस्तूला वेल्क्रो लावण्याआधी याचा विचार करा. दुसरी तक्रार सावजीच्या तर्रीची होती. तेल आणि भाताची शितं खरखरीत बाजूत गेली की टूथब्रशचाही इलाज चालत नाही.

मग चेन लावली. चेनच्या तक्रारी वर्षभराने आल्या आणि सगळ्या एकाच प्रकारच्या: "रनर पुढे जातो पण मागून दात उघडेच." लोक अशा वेळी आख्खी चेन बदलतात आणि बॅगेच्या निम्मे पैसे देऊन बसतात. बहुतेक वेळा दात चांगले असतात. रनरच्या वरच्या आणि खालच्या पात्यातली फट घासून रुंद झालेली असते, त्यामुळे तो दातांना पुरेसं दाबत नाही. पक्कड घ्या, रनर चेनच्या सुरुवातीला आणा, आणि मागच्या बाजूने, जिथून बंद झालेले दात बाहेर पडतात तिथून, एक कड हलकेच दाबा, मग दुसरी. हलकेच म्हणजे खरंच हलकेच, थोडं दाबून चालवून पाहायचं. जास्त दाबला तर रनर अडतो, किंवा तडकतो. एकदा तडकला की नवा टाकावा लागतो. नवा टाकताना चेनचा नंबर जुळला पाहिजे. ५ नंबर म्हणजे बंद चेनच्या दातांची रुंदी साधारण ५ मिलिमीटर, ८ म्हणजे ८. रनरच्या पाठीवर बहुतेक वेळा नंबर कोरलेला असतो. नायलॉनच्या गुंडाळी चेनला धातूच्या चेनचा रनर चालत नाही, नंबर जुळला तरी.

पण रनर एवढ्या लवकर का झिजला? कारण बॅग लहान आणि डबा मोठा. चार कप्प्यांचा डबा बसवायला लोक चेनचा उपयोग आवळायला करतात. चेन दोन कडा जोडायला असते, ओढून जवळ आणायला नाही. आम्ही बॅग दोन बोटं उंच केली, चेन ५ ची ८ केली आणि कोपऱ्यांचा वळसा मोठा केला. तिसऱ्या बदलाने सगळ्यात जास्त फरक पडला. आधी रनर कोपऱ्यावर अडायचा आणि लोक हिसका मारायचे. यात मजा अशी की बॅग उंच केल्याचा खर्च चेनपेक्षा कमी आला.

टिचबटण

नर्सिंगच्या एप्रनला टिचबटण हवं, असं मुलींनीच सांगितलं होतं. घाईत एका झटक्यात उघडतं, धुण्यात टिकतं, वेल्क्रोसारखा चर्रर्र आवाज नाही. पहिल्याच महिन्यात तीन एप्रन परत आले, बटण शाबूत आणि कापडाला रुपयाएवढं भोक. काकूंच्या जाळीचीच कथा, फक्त गमाच्या जागी कापड. स्प्रिंगवालं दणकट बटण घेतलं होतं, आणि ते पातळ पॉप्लिनच्या एकेरी थरात ठोकलं होतं. बटणाची पकड कापडापेक्षा जास्त, मग कापडच सुटणार.

पातळ कापडाला दातेरी कडीचं हलकं टिचबटण घ्यावं. ते कमी जोराने उघडतं आणि त्याचे दात कापड चहूबाजूंनी धरतात. मधे भोक पाडावं लागत नाही. जाड कॅनव्हास, रेक्झिन, जीन्सला स्प्रिंगवालं. दोन्ही वेळी आतून कापडाची दुसरी पट्टी हवीच. बटणाचा आकार लाईनमधे सांगतात, ४० लाईनचा एक इंच, म्हणजे २४ लाईनचं बटण १५ मिलिमीटरचं. आणि मधल्या खिळ्याची लांबी कापडाच्या थरांशी जुळली पाहिजे. लांब झाला तर ठोकताना वाकतो आणि बटण तिरपं बसतं, आखूड झाला तर दोन धुण्यांत निघून येतं. आम्ही आता नव्या कापडावर आधी पाच बटणं ठोकतो आणि दोन बोटांनी फिरवून पाहतो. फिरलं की खिळा चुकला.

लोहचुंबक आणि बाकीचे

औषधांच्या पाऊचला लोहचुंबक लावा, छान वाटतं, असा सल्ला मला वारंवार मिळतो. वाटतं खरं. पण त्याचा स्वभाव वेल्क्रोच्या बरोबर उलटा आहे. सरळ समोर ओढलं तर घट्ट, बाजूला सरकवलं की निसटतो. पर्समधे पाऊच बाजूलाच घासत असतो. मधे कापडाचा एक थर आला तरी पकड बरीच उतरते, दोन आले तर आणखी. साधा निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे तापला तर कायमचा कमजोर होतो, म्हणजे उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायच्या वस्तूत जपून. आणि घरात लहान मूल असेल किंवा कोणाला पेसमेकर असेल तर मी नाहीच म्हणते. सुटे झालेले दोन चुंबक मुलाने गिळले तर ते आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना चिकटतात, आणि मग ऑपरेशन. औषधाच्या पाऊचला तर हे दोन्ही धोके घरातच बसलेले असतात. आमच्या पाऊचला ३ नंबरची साधी चेन आहे, तिला मोठी दोरी. सांधे आखडलेल्या आजीला तीच बरी.

दोन्ही बाजू सारख्या, छत्रीसारख्या टोकांच्या, दाबल्यावर टक् असा आवाज करणारी प्लास्टिकची पट्टीही मिळते. ती कडक पत्र्याला, पॅनेलला उत्तम, पण कापडाला नाही, आणि रोज उघडायच्या जागेला तर नाहीच. हजारेक उघडझापांत तिची पकड बरीच उतरते. सहा महिन्यांतून एकदा काढायच्या कूलरच्या झाकणाला ती लावून पाहा. बकलाबद्दल एवढंच, की निवार बकलाच्या मापाचीच घ्या. २५ मिलिमीटरच्या बकलात २० ची निवार सरकत राहते आणि लोक बकल बदलत राहतात.

गच्चीवरची परीक्षा

नवीन काहीही आलं की आता आम्ही ते गच्चीवर टांगतो. काळा रंग दिलेला लोखंडी पत्रा आहे एक, त्यावर पट्टीचे दोन-दोन तुकडे, एक दिवस मुरू द्यायचे. मग प्रत्येक तुकड्याला लिटरभर पाण्याची बाटली, म्हणजे किलोभर वजन. एकीला असं टांगायचं की ओढ पट्टीच्या लांबीत सरळ जाईल, दुसरीला असं की वजन कोपऱ्यातून सोलेल. मेच्या दुपारी बारा ते चार. सोलणारी बाटली पडायलाच हवी, त्यात काही नाही. पाहायचं ते हे, की पडताना वेल्क्रो उघडला की गम निघाला. गम निघाला तर तो रोल परत. पोरगा हल्ली माझ्या आधी वर जाऊन पाहून येतो आणि जिन्यातूनच ओरडतो, "ताई, गम राहिला!"

काकूंच्या खिडकीला या मेमधे दुसरं वर्ष झालं. पट्टी जागेवर आहे. तरी गेल्या आठवड्यात फोन आलाच. शेजारचा बोका रात्री खालच्या बाजूने आत घुसू पाहत होता. जाळी फाटली, पट्टी तसूभर हलली नाही. काकू खूश होत्या, "यावेळी तं पट्टी एकदम पक्की लावली तुम्ही!" मी जाळीतल्या भोकातून हात बाहेर काढून पाहिला. खालची बाजू मी सलग ठेवली होती, ती आधी सुटायला हवी होती. उद्या तिथंही तुकडे करायला जाणार आहे.